जुन्या प्रकाशातली नवी दीर्घिका

ज्युसेप्पे दोनातिएल्लो हे इटलीतले हौशी आकाशनिरीक्षक. २०१० मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये दक्षिण इटलीतल्या पोल्लिनो राष्ट्रीय उद्यानातून त्यांनी देवयानी तारकासमूहाच्या भागाचे दीर्घ एक्सपोजरचे फोटो काढले. दुर्बीण १२७ मिलिमीटर व्यासाची, स्वतः जुळवलेली. आपल्याकडची एखादी शाळा किंवा हौशी मंडळ घेऊ शकेल, त्याच मापाची. काम झालं आणि फाइल्स संगणकात पडून राहिल्या. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी त्या जुन्या फाइल्स पुन्हा उघडल्या, तेव्हा मिराक या तांबूस ताऱ्यापासून एका अंशाहून किंचित जास्त अंतरावर त्यांना एक पुसट डाग दिसला. तो कोणत्याच सूचीत नव्हता. मग कॅनरी बेटांवरच्या ला पाल्माच्या मोठ्या दुर्बिणी तिकडे वळल्या. त्यांत १०.४ मीटर व्यासाचा आरसा असलेलीही एक होती. २०१८ मध्ये शोधनिबंध आला. तो डाग म्हणजे अंदाजे एक कोटी प्रकाशवर्षांवरची एक खुजी दीर्घिका होती. आज ती ‘दोनातिएल्लो १’ म्हणून ओळखली जाते.

शोध लागला त्या दिवशी आकाशाकडे कुणी पाहतच नव्हतं, ही गोष्ट मला अजून थक्क करते. त्या दीर्घिकेचा प्रकाश कॅमेऱ्यात येऊन तीन ते सहा वर्षं झाली होती. तो पिक्सेलमध्ये मोजला गेला होता, फाइलमध्ये आकडा होऊन बसला होता. फक्त त्या आकड्यांकडे पुन्हा एकदा, वेगळ्या नजरेनं बघायचं राहिलं होतं.

हा मिराक तारा धाराशिव जिल्ह्यातल्या सास्तूरवरून फार छान दिसतो. लोहारा तालुक्यातलं हे गाव जवळपास १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मिराक इथं माथ्यापासून जेमतेम १८ अंश उत्तरेला सरकून जातो. कोजागरी उलटली, सोयाबीनच्या राशी उरकल्या, की पावसाळ्यानं धुतलेलं आकाश मोकळं होतं. नोव्हेंबरच्या मध्यावर रात्री नऊ-साडेनऊला देवयानी जवळजवळ डोक्यावर असते. भाद्रपदांच्या मोठ्या चौकोनाच्या कोपऱ्यातून निघालेल्या ताऱ्यांच्या रांगेत मिराक सापडतो. तिथून शर्मिष्ठेच्या बाजूला काटकोनात वळलं की दोन फिके तारे लागतात, आणि दुसऱ्याच्या शेजारी कापसाच्या बोंडातून सुटलेल्या तंतूसारखा एक धूसर ठिपका दिसतो. ती देवयानी दीर्घिका, एम ३१. अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं. इराणी निरीक्षक अल्-सूफी यांनी इ. स. ९६४ मध्येच तिची ‘लहानसा ढग’ अशी नोंद केली होती. नुसत्या डोळ्यांना दिसतो तो तिचा फक्त उजळ गाभा. फोटोत ती तीन अंशांहून रुंद भरते, म्हणजे पौर्णिमेचे सहा चंद्र ओळीनं मांडले तर होईल एवढी. ही सगळी रुंदी आपल्या डोळ्यांसमोरच असते, आपल्याला ती दिसत मात्र नाही.

सास्तूरचं नाव महाराष्ट्राला ठाऊक झालं ते ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून माणसं झोपली होती, आणि चारच्या आधी काही मिनिटं किल्लारी-सास्तूरचा पट्टा हादरला. त्यानंतर कित्येक महिने लोकांनी पत्र्याच्या शेडमध्ये आणि उघड्यावर काढले. पुनर्वसनात या भागातली गावं ऐसपैस वसली, रस्ते रुंद झाले, घरं बैठी राहिली. त्यामुळे इथल्या अंगणातून आजही आकाशाचा मोठा भाग दिसतो. या गावाबद्दल लिहिताना जमिनीखालचंच लिहायची सवय आपल्याला पडली आहे. त्याच्या डोक्यावर काय आहे, तेही कुणीतरी लिहायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. फोटो तर तोच. त्यात नवा प्रकाश येत नाही. मग पुन्हा प्रोसेस केल्यावर जास्त दिसतं ते कशामुळे?

त्यासाठी आधी आकाश किती काळं असतं ते पाहू. ते पूर्ण काळं कधीच नसतं. शहरापासून कितीही दूर गेलात तरी वरच्या हवेतले रेणू स्वतःच मंद प्रकाशतात, सूर्यमालेतली धूळ सूर्याचा प्रकाश उधळते, आणि अगणित ताऱ्यांचा मिसळलेला उजेड असतोच. देवयानीचे बाहेरचे हात या पार्श्वभूमीपेक्षाही फिके आहेत. काही दीर्घिकांभोवती ताऱ्यांचे प्रवाह सापडले आहेत, ते तर आकाशाच्या उजेडाच्या शंभराव्या भागाइतके किंवा त्याहूनही मंद असतात. उजेडाच्या शंभर भागांत एक भाग, आणि तोही वेगळा ओळखायचा.

एक हिशेब मांडतो. समजा, कॅमेऱ्याच्या एका पिक्सेलवर एका फ्रेममध्ये आकाशाच्या पार्श्वभूमीचे १०,००० प्रकाशकण पडले. प्रकाशकण ठरावीक लयीत येत नाहीत. या फ्रेममध्ये थोडे जास्त, पुढच्यात थोडे कमी. हा चढउतार साधारण त्या संख्येच्या वर्गमुळाइतका असतो, म्हणजे इथं १००. आता दीर्घिकेच्या फिक्या कडेनं त्यात आपले १०० कण घातले. ते चढउतारात बुडून जातील आणि फोटोत काहीच दिसणार नाही. पण अशा १०० फ्रेम एकमेकींवर बरोबर बसवून बेरीज केली, तर पार्श्वभूमीचे कण दहा लाख होतात, चढउतार १,००० होतो आणि दीर्घिकेचे कण १०,००० होतात. एका फ्रेममध्ये जी चढउताराच्या बरोबरीला होती, ती दीर्घिका आता त्याच्या दसपट वर आली. यालाच स्टॅकिंग म्हणतात. पहाटेपर्यंत दर दोन-तीन मिनिटांनी एक फ्रेम घेत राहायचं आणि नंतर ते सगळे एकत्र करायचे. चढउतार वर्गमुळानं वाढतो आणि खरा प्रकाश सरळ वाढतो, या एवढ्या फरकावर सगळी हौशी आकाशछायाचित्रण कला उभी आहे.

या नियमाची दुसरी बाजू कठोर आहे. चित्राची प्रत दुप्पट करायची तर वेळ चौपट द्यावा लागतो, आणि त्यापुढची दुप्पट म्हणजे सोळापट. लवकरच रात्री पुरेनाशा होतात. म्हणूनच आहे त्या प्रकाशातून अधिक काढण्याला एवढं मोल आहे.

एका फ्रेमच्या फाइलमध्ये दीर्घिकेच्या प्रकाशाखेरीज बरंच काही असतं. सेन्सर तापला की प्रकाश नसतानाही आकडे नोंदवतो. ते ओळखायला लेन्सचं झाकण लावून, तेवढ्याच वेळाच्या आणि तेवढ्याच तापमानाच्या ‘डार्क’ फ्रेम घेतात. चित्राच्या कडांना उजेड कमी पोचतो, सेन्सरवरच्या धुळीच्या कणांची गोल सावली पडते. त्यासाठी पहाटे नळीच्या तोंडावर पांढरं कापड ताणून एकसारख्या उजेडाच्या ‘फ्लॅट’ फ्रेम घेतात. डार्क वजा करायच्या, फ्लॅटनं भागायचं. हे सोपं वाटतं, पण फ्लॅटमध्ये एका टक्क्याची चूक राहिली की ती चूकच आपण शोधत असलेल्या प्रवाहाइतकी मोठी होते. पाच वर्षांपूर्वी घाईनं भागलेली फ्रेम आज जपून भागली, तर चित्र बदलतं ते इथं.

मग पार्श्वभूमीचा उतार. सास्तूरवरून उत्तरेच्या क्षितिजावर लातूरचा उजेड आहे, दक्षिणेला उमरगा आणि सोलापूर-हैदराबाद महामार्ग. फोटोच्या एका बाजूला उजेड जास्त, दुसऱ्या बाजूला कमी, आणि रात्र सरते तसा हा उतारही फिरतो. तो नेमका किती हे मोजून वजा करायच्या पद्धती दहा वर्षांत फार सुधारल्या आहेत. जुन्या पद्धतीनं उतार काढताना दीर्घिकेची फिकी कडही त्याबरोबर पुसली जात असे. नव्या पद्धतीनं तीच फ्रेम सोडवली, की ती कड परत येते. विमानांच्या आणि उपग्रहांच्या रेघांचंही तसंच आहे. शंभर फ्रेमांपैकी एकाच फ्रेममध्ये त्या जागी उजेड असेल, तर तेवढा आकडा बाजूला काढून बाकीच्या नव्व्याण्णवांची सरासरी घेता येते.

शेवटी येतं स्ट्रेचिंग. साधारण डीएसएलआरची रॉ फाइल प्रत्येक पिक्सेलला १४ बिट देते, म्हणजे उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या. जेपीईजीत त्यातल्या २५६ उरतात. देवयानीचा गाभा आणि तिची कड यांच्या उजेडात प्रचंड अंतर आहे. सरळ प्रमाणात दाखवलं तर गाभा पांढरा ठिक्कर दिसतो आणि कड काळ्यात जाते. म्हणून अंधाऱ्या पायऱ्या ताणून रुंद करतात आणि उजळ पायऱ्या दाबतात. ताणायचं किती आणि कुठून, हे ठरवणारा माणूसच असतो. दोन जाणकार एकाच फाइलमधून दोन वेगळी चित्रं काढतात आणि दोन्ही खरी असू शकतात. जेपीईजी ठेवून रॉ फाइल पुसून टाकणाऱ्याला मात्र ही संधी पुन्हा मिळत नाही. मोबाइलमधली जागा मोकळी करावी तितक्या सहज लोक त्या पुसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

संगणक येण्याआधीही हे काम चालायचं, अंधाऱ्या खोलीत आणि काचेवर. ऑस्ट्रेलियातल्या अँग्लो-ऑस्ट्रेलियन वेधशाळेतले डेव्हिड मॅलिन हे रसायन जाणणारे छायाचित्रकार. काचेच्या प्लेटवरच्या रसायनाच्या थरात सर्वांत मंद प्रकाशाची खूण फक्त वरच्या पातळ पापुद्र्यात राहते, हे त्यांनी हेरलं. पसरलेल्या उजेडात प्लेटची कॉपी काढली की तो वरचा पापुद्राच उमटतो आणि खालच्या थरांतला कचरा मागे राहतो. अशा कॉप्या एकमेकींवर रचून १९७९ मध्ये त्यांनी एम ८९ या दीर्घिकेभोवती ताऱ्यांची फिकी कवचं दाखवली. ती दीर्घिका गोल, गुळगुळीत, घटनाहीन समजली जात होती. कवचांवरून कळलं की तिनं पूर्वी दुसरी एक दीर्घिका गिळली आहे. पुढं याच पद्धतीनं कन्या राशीतल्या दीर्घिकांच्या प्लेटा तपासताना एक अवाढव्य पण इतकी फिकी दीर्घिका सापडली की तोपर्यंत ती कुणाला जाणवलीच नव्हती. १९८७ मध्ये ती ‘मॅलिन १’ या नावानं प्रसिद्ध झाली. ती आपल्यापासून सव्वाशे कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास आहे आणि तिची तबकडी आपल्या आकाशगंगेच्या कित्येक पट रुंद आहे.

देवयानीच्या बाबतीत तर जुन्या प्लेटांनी विश्वाचं मापच बदललं. आयझॅक रॉबर्ट्स या वेल्श हौशी निरीक्षकानं १८८८ मध्ये २० इंची दुर्बिणीनं तिचा दीर्घ एक्सपोजरचा फोटो काढला आणि तिचे वळणदार पट्टे प्रथमच दिसले. रॉबर्ट्सना वाटलं, ही जन्माला येणारी एक सूर्यमाला आहे. चित्र उत्तम होतं, अर्थ चुकला होता. ऑक्टोबर १९२३ मध्ये एडविन हबल यांनी माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीनं घेतलेल्या प्लेटवर त्यांना एक नवा ठिपका दिसला. त्यांनी शेजारी ‘एन’ लिहिलं, म्हणजे नोवा, अचानक उजळणारा तारा. मग वेधशाळेच्या कपाटातल्या जुन्या प्लेटा काढून तीच जागा तपासली, तेव्हा तो ठिपका वर्षानुवर्षं उजळत आणि मंदावत असल्याचं कळलं. त्यांनी ‘एन’ खोडला आणि ‘व्हार’ लिहून पुढं उद्गारचिन्ह दिलं. तो ३१ दिवसांच्या आवर्तनाचा रूपविकारी तारा होता, आणि हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्ये मांडलेल्या नियमानं अशा ताऱ्याचं अंतर काढता येत होतं. देवयानी आपल्या आकाशगंगेच्या फार बाहेर आहे, हे त्यातून सिद्ध झालं. दुसऱ्यांनी दुसऱ्याच कामासाठी घेतलेल्या प्लेटा कपाटात जपून ठेवल्या नसत्या, तर तो ठिपका बराच काळ नोवाच राहिला असता.

महाराष्ट्रातलं याचं सर्वांत मोठं उदाहरण प्रकाशाचं नाही, रेडिओ लहरींचं आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची दुर्बीण आहे. तिनं २०१० ते २०१२ या काळात १५० मेगाहर्ट्झवर आकाशाचं मोठं सर्वेक्षण केलं, जवळपास २,००० तासांचं. कमी वारंवारितेच्या या लहरींना वाटेत आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, भेटतं, आणि ते सतत हलत असतं. हवेमुळे तारे लुकलुकतात, तसं आयनांबरामुळे रेडिओ आकाशातला प्रत्येक बिंदू जागचा डळमळतो, आणि दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रात एका कोपऱ्याचं डळमळणं दुसऱ्या कोपऱ्यासारखं नसतं. पहिल्या टप्प्यात या माहितीतला काही भागच नीट चित्ररूपात आला. नंतर हुइब इंटेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीएमआरटीच्या संग्रहातली तीच माहिती घेऊन दिशादिशांचं डळमळणं वेगवेगळं मोजणारी पद्धत वापरली आणि सगळं काम पहिल्यापासून केलं. २०१७ मध्ये निष्कर्ष छापून आले. ३६,९०० चौरस अंश आकाश, म्हणजे संपूर्ण आकाशाचा नव्वद टक्के भाग, आणि त्यात सहा लाखांहून अधिक रेडिओ स्रोत. त्यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी कुठलीतरी दीर्घिका आहे. या कामासाठी खोडदची एकही तबकडी नव्यानं वळवावी लागली नाही.

पुण्याच्याच राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी २०२५ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीच्या उपलब्ध प्रतिमांतून ‘अलकनंदा’ ही दीर्घिका शोधली. एबेल २७४४ या दीर्घिकासमूहाच्या मागं ती आहे आणि त्या समूहाच्या गुरुत्वानं तिचा उजेड वाढवून आपल्यापर्यंत पोचवला आहे. विश्व अवघं दीडशे कोटी वर्षांचं असतानाची ही दीर्घिका, आणि तिला दोन नीट घडलेले वळणदार हात आहेत. एवढ्या लवकर असं रेखीव रूप घडेल, अशी अपेक्षा नव्हती. प्रतिमा जगातल्या सर्व संशोधकांना उघड्या होत्या. त्यात अलकनंदा पाहिली ती पुण्यानं.

एक धोका इथं सांगायला हवा. आज चित्र गुळगुळीत करणारी, धार आणणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं एका क्लिकवर मिळतात. हजारो दीर्घिकांची चित्रं पाहून ती शिकलेली असतात, त्यामुळे तुमच्या फाइलमध्ये नसलेला धुळीचा पट्टाही ती सुबक काढून देतात. भिंतीवर लावायला तो फोटो सुंदर दिसेल. पण त्यात दिसलेला पुसट डाग दीर्घिका आहे की साधनाची कल्पना, हे सांगता येणार नाही. माझं मत ठाम आहे. शोधायला बसायचं असेल, तर फाइलमधून चुका वजा करणारी साधनं वापरावीत, भर घालणारी नकोत. आणि संशय आला तर एक जुनी, फार भरवशाची परीक्षा आहे. फ्रेमांचे दोन गट करायचे, एक सम क्रमांकांचा, एक विषम. दोन्ही स्वतंत्रपणे स्टॅक करायचे. डाग खरा असेल तर दोन्हींत त्याच जागी, तेवढाच दिसेल. मग वेगळ्या वर्षीची, वेगळ्या लेन्सची फ्रेम काढायची, कारण लेन्समधल्या प्रतिबिंबाची जागा बदलते आणि दीर्घिकेची बदलत नाही. चित्र उलटं, म्हणजे पांढऱ्यावर काळं करून पाहायचं; डोळ्यांना फिकं काळं लवकर टिपता येतं. एवढ्यातून टिकला तरी तो आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचा ढग असू शकतो. ताऱ्यांच्या उजेडात ती धूळही अशीच पुसट चमकते आणि तिनं भल्याभल्यांना चकवलं आहे.

देवयानीजवळच २०२२ मध्ये असाच एक पेच उभा राहिला. फ्रान्समधले यान सेंती आणि झाविए स्त्रोतनेर, आणि जर्मनीतले मार्सेल ड्रेक्सलर या हौशी मंडळींनी ऑक्सिजनच्या विशिष्ट निळसर-हिरव्या प्रकाशात अनेक तासांचं एक्सपोजर जमवलं. दीर्घिकेच्या शेजारी दीड अंश लांबीची, वायूची एक कमान निघाली. रॉबर्ट्सपासून सव्वाशेहून अधिक वर्षं ज्या दीर्घिकेचे इतके फोटो निघाले, तिच्या कुशीत एवढी मोठी वस्तू कुणी पाहिली नव्हती. ती खरोखर देवयानीजवळ आहे की आपल्या आकाशगंगेतच, मधल्या वाटेवर आहे, यावर तज्ज्ञांत खल झाला आणि होतो आहे.

सास्तूरसारख्या गावी सुरुवात कशानं करावी? जुना डीएसएलआर कॅमेरा, १३५ किंवा २०० मिलिमीटरची लेन्स आणि आकाशाबरोबर फिरणारा छोटा ट्रॅकर एवढं देवयानीसाठी पुरतं. ट्रॅकर नसेल तर २०० मिलिमीटरला दोन-अडीच सेकंदांत तारे रेघाळतात, कारण पृथ्वी फिरत असते. तरी अशा शेकडो छोट्या फ्रेम रचून देवयानीचे हात निघतात. ट्रॅकरचा अक्ष ध्रुवताऱ्याकडं रोखावा लागतो, आणि इथं ध्रुव फक्त १८ अंश वर आहे, तोही लातूरच्या उजेडाच्या बाजूला. त्यामुळे उत्तरेला झाड किंवा घर नसलेली जागा निवडावी. पीक निघालेलं रान सर्वांत बरं. मध्यरात्रीनंतर लेन्सवर दव धरतं, त्याची तजवीज आधीच करावी. अमावास्येच्या अलीकडच्या-पलीकडच्या रात्री धराव्यात. सिरिल आणि डीपस्कायस्टॅकर ही स्टॅकिंगची सॉफ्टवेअरं फुकट मिळतात आणि साध्या लॅपटॉपवर चालतात. डार्क आणि फ्लॅटसकट प्रत्येक रात्रीची रॉ फाइल तारीख घालून ठेवावी. तीन वर्षांनी सॉफ्टवेअर सुधारेल, हातही बसलेला असेल, आणि या वर्षीच्या फ्रेम पुढच्या वर्षीच्या फ्रेमांत मिळवता येतील. २५ लाख वर्षं प्रवास केलेल्या प्रकाशाला तीन वर्षांनी काही फरक पडत नाही. त्या चित्रात तसंही एक क्षण नसतोच. देवयानीची तबकडी आपल्याकडं कललेली आहे, तिची एक कड दुसरीपेक्षा लाखभर प्रकाशवर्षांनी जवळ आहे. एकाच फ्रेममध्ये पडलेल्या दोन प्रकाशकणांच्या वयात लाख वर्षांहून जास्त फरक असू शकतो.

गावातले दिवे ही मात्र आज करायची गोष्ट आहे. चौकातला हायमास्ट वरच्या बाजूला जो उजेड सांडतो, तो वाटसरूच्या काही कामाचा नसतो. महाराष्ट्र-मध्य प्रदेश सीमेवरच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातल्या भागात आसपासच्या गावांचे दिवे बदलून खाली वळवले गेले आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याला देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. लोहाऱ्यात किंवा उमरग्यात एखाद्या ग्रामपंचायतीनं दिव्यांना वरून टोपण बसवण्याचा ठराव केला, तर आकाशाचा १०,००० चा आकडा खाली येईल आणि दीर्घिकेचे १०० कण आपोआप वर दिसू लागतील.

ज्यांच्याकडं कॅमेरा नाही, त्यांनाही या कामात जागा आहे. दोनातिएल्लो यांनी पुढं आपली दुर्बीण बाजूला ठेवून चिलीतल्या चार मीटर दुर्बिणीच्या ‘डार्क एनर्जी सर्व्हे’ची सार्वजनिक चित्रं नजरेखालून घालायला सुरुवात केली. शिल्पकार तारकासमूहातल्या एनजीसी २५३ या मोठ्या दीर्घिकेभोवती त्यांना आणखी खुज्या दीर्घिका सापडल्या. दोनातिएल्लो २ ही त्यांतलीच. संगणकाच्या आज्ञावलींनी तिच्यावरून हात फिरवला होता, पण त्यांना ती दिसली नव्हती. माणसाच्या डोळ्यांनी ती टिपली. नंतर हबल अवकाश दुर्बिणीनं तिचा स्पष्ट फोटो घेतला. अशी सर्वेक्षणं आज ब्राउझरमध्ये उघडतात, शाळेच्या संगणक खोलीतूनही. एनजीसी २५३ सास्तूरवरून दक्षिणेला ४७ अंश उंचीवर येते, म्हणजे रात्री तिचा भाग आकाशात शोधायचा आणि दिवसा तोच भाग पडद्यावर मोठा करून तपासायचा, असं दोन्ही करता येतं. युरोपातल्या बहुतेक निरीक्षकांना ती क्षितिजालगत भेटते.

चिलीत आता व्हेरा रुबिन वेधशाळा काम करते आहे. जून २०२५ मध्ये तिच्या ३,२०० मेगापिक्सेल कॅमेऱ्याची पहिली चित्रं जगानं पाहिली. दहा वर्षं ती दक्षिणेचं आकाश पुन्हा पुन्हा टिपणार आहे आणि फिक्या प्रवाहांचं, खुज्या दीर्घिकांचं मोठं पीक त्यातून निघेल. पण ती ३० अंश दक्षिणेला आहे. तिथून देवयानी उत्तर क्षितिजावर जेमतेम १९ अंश चढते आणि रुबिनच्या मुख्य सर्वेक्षणात ती येत नाही. सास्तूरवरून तीच देवयानी ६७ अंश वर असते, लातूरच्या उजेडाच्या बरीच वर. तिच्याभोवतीच्या फिक्या आकाशाची दीर्घ एक्सपोजरं जमवायला आणि पुन्हा पुन्हा सोडवायला उत्तरेकडच्या छोट्या दुर्बिणींना अजून पुष्कळ काम आहे. यंदाच्या मोसमासाठी मिराकपासून सुरुवात करावी. त्याच्या अगदी शेजारी एनजीसी ४०४ ही फिकी दीर्घिका आहे, ताऱ्याच्या झगझगाटात दडल्यामुळे तिला ‘मिराकचं भूत’ म्हणतात. आधी ती आपल्या फ्रेममध्ये येते का पाहावं. ती ताऱ्याच्या उजेडातून वेगळी काढता आली, की मग त्याच फाइल्समध्ये ताऱ्यापासून एका अंशाहून किंचित पुढची जागा ताणून बघायला घ्यावी.